डाव्या पायाचं बिल

माझ्या गाडीची क्लच प्लेट गेल्या शनिवारी पाणीगेटच्या एका गॅरेजात बाकड्यावर काढून ठेवली होती आणि तिच्याभोवती चौघे जण उभे होते. कुणी बोलत नव्हतं. गॅरेजवाल्या चाचांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ती उलटी केली, नाकाशी नेली, परत ठेवली आणि मला विचारलं, "केटला चाली?"

"चौतीस हजार."

चौघांपैकी एकानं ‘च्च च्च’ केलं. माणूस अकाली गेला की करतात तसं.

मी लगेच कंपनीवर घसरलो. हल्ली मालात दम राहिला नाही, पत्रा कागदासारखा, पूर्वीच्या गाड्या बघा, वगैरे. हे भाषण बडोद्यातल्या प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ असतं. फक्त गाडीच्या जागी अधूनमधून श्रीखंड, कॉलेज किंवा जावई घालायचा. चाचांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात पुसत म्हणाले, "साहेब, गाडीनो वांक नथी. तमारा डाबा पगनो वांक छे."

वांक म्हणजे दोष. तो गाडीचा नाही, माझ्या डाव्या पायाचा. ‘वांधो नथी’, म्हणजे ‘हरकत नाही’, हे ऐकण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ‘वांक छे’ ऐकायची सवय नसते. मी विषय पैशांवर आणला. अंदाज निघाला ८,६०० रुपये. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी. मग मी घासाघीस सुरू केली. लोकल प्लेट टाकली तर? बेअरिंग जुनंच चालवलं तर? मजुरीत काही? अर्ध्या तासाच्या वाटाघाटीनंतर २०० रुपये सुटले. बाकड्यावर मी विजयी वीरासारखा टेकलो.

चाचा गाडीखाली सरकता सरकता म्हणाले, "आ बसो तो पाणीगेट वटावो त्यां सुधीमां पाछा वपराई जशे."

म्हणजे, हे दोनशे तुम्ही पाणीगेट ओलांडेपर्यंत परत खर्च कराल. मला राग आला. पण गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना माणसानं रागवायचं नसतं.

*

क्लचचं काम तीन-चार तासांचं. तेवढा वेळ गॅरेजच्या बाकड्यावर बसलं की शहर कळतं. पाणीगेटबाहेर आजवा रस्त्याला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथले वैद्य आधी विचारतात, खाता काय, झोपता कधी, जागता किती. रोगाचं नाव नंतर. आपण ‘एक गोळी द्या आणि मोकळं करा’ या तयारीनं गेलेलो असतो, त्यामुळे हे प्रश्न चोंबडे वाटतात. चाचांचं गॅरेज त्याच पंथातलं. फरक एवढाच, की वैद्याला रोगी खोटं सांगू शकतो. पथ्य पाळलं, तळलेलं सोडलं, लवकर झोपलो. चाचांना खोटं सांगून उपयोग नाही. रोगी तोंड उघडायच्या आत प्लेट बोललेली असते.

माझी प्लेट काय बोलली? तिच्यावरचं घर्षणाचं अस्तर रिवेटपर्यंत घासलेलं, कडेला काळंनिळं, वर आरशासारखी चकाकी. ही चकाकी गुणाची नाही. वारंवार तापून अस्तर भाजलं, की ते असं चमकतं आणि पकड सोडतं. कारण एकच, हाफ क्लच. कोंडीत ब्रेक लावून न्यूट्रलला थांबायचं सोडून मी पहिला गिअर टाकून, क्लच अर्धा दाबून, गाडी इंच इंच पुढं ढकलत असतो. त्या वेळी इंजिन फिरत असतं, चाक जवळजवळ थांबलेलं असतं. या दोघांतला तंटा मधल्या प्लेटनं आपली कातडी घासून मिटवायचा. मी सहा इंच पुढं जातो. पुढच्या रिक्षाचं मडगार्ड आणखी जवळून दिसतं. एवढंच उत्पन्न.

आणि जिथं हाफ क्लच लागत नाही, त्या मोकळ्या रस्त्यावरही माझा डावा पाय पेडलवर विसावलेला. पायाचं नुसतं वजनही रिलीज बेअरिंगला दिवसभर कामाला लावतं. हे शहर नऊ रात्री गरबा खेळणारं. पण गरब्यातसुद्धा पायाला मधेमधे विश्रांती असते. माझा डावा पाय बारा महिने नवरात्रात.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलगे शिकले, मुली शिकल्या. डावे पाय तेवढे सुटले.

गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला एक जुनी क्लच प्लेट टांगलेली आहे. मला वाटायचं, नजर लागू नये म्हणून असेल. त्या दिवशी विचारलं. ती वाडी भागातल्या आप्पांच्या मारुती ८०० मधली. गाडी १९९७ ची. प्लेट काढली तेव्हा गाडी १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली, आणि काढली तीसुद्धा ऑइल सील गळायला लागलं, गिअरबॉक्स उतरवायचाच होता, म्हणून. आप्पा मांडवीच्या गर्दीतून सायकलीच्या वेगानं जातात. मागून लोक हॉर्न देतात, शिव्या देतात, मी स्वतः दिल्या आहेत. दोन्ही प्लेटा शेजारी धरल्या, तेव्हा ध्यानात आलं की इतकी वर्षं मी ज्याला भित्रेपणा म्हणत होतो, ती माणसाची मुदत ठेव होती.

*

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. मोठी, उंच, पांढरी गाडी. गाडीचा उजवा गाल खरचटलेला, आरसा लोंबता. मांडवीकडून पाणीगेटला येताना समोरून टेम्पो आला, दोघंही हटेनात, मग भिंत हटली नाही. हा रस्ता काही आज अरुंद झालेला नाही. तो आखला, तेव्हा सर्वांत रुंद वाहन बैलगाडी होतं.

बैलांवरून आठवलं. डभोई ते मियागाम ही नॅरोगेज रेल्वे १८६२ साली सुरू झाली, खंडेराव महाराजांच्या काळात. गाडीला इंजिन नव्हतं, बैल होते. पुढच्या वर्षी इंजिनं आणली, तर रूळ त्यांचं वजन पेलेनात. तेव्हा काय केलं? ‘इंजिन घेतलंय तर चालवणारच’ असं कुणी म्हणालं नाही. पुन्हा बैल जुंपले. १८७३ मध्ये भक्कम रूळ टाकून झाले, तेव्हा इंजिनाला रुळावर येऊ दिलं. आपण आज नेमकं उलट करतो. गल्ली बैलगाडीची, गाडी रणगाड्याची, आणि खरचटलं की दोष भिंतीला.

त्या गृहस्थांचा बेत पक्का होता. "इन्शुरन्समध्ये टाकू. फुकटात होईल."

‘फुकट’ हा शब्द ऐकून माझे कान टवकारले. कारण आमच्या मेहुण्यांनी गेल्या वर्षी अशीच फुकटेगिरी केली. बंपर फुटला, मजुरी धरून बिल झालं ४,२०० रुपये. बंपर प्लॅस्टिकचा, साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागाचा निम्मा घसारा आपल्या माथी. त्याचे गेले १,४००. वर १,००० रुपयांची सक्तीची कपात. राहिले १,८००. मेहुण्यांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. मग नूतनीकरणाची नोटीस आली. चार वर्षं दावा केला नव्हता म्हणून त्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळत होता. हप्ता ९,००० चा. म्हणजे ४,०५० रुपयांची सूट. ती एका सहीनं शून्यावर आली. आता पुन्हा पहिल्या पायरीपासून: २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के.

अठराशे मिळवायला चार हजार पन्नास, आणि तेही पहिल्या वर्षाचे. याला आमच्याकडे व्यवहारज्ञान म्हणतात.

खरं सांगायचं तर नो क्लेम बोनस ही मोठी उदात्त कल्पना आहे. चांगलं वागल्याबद्दल आयुष्यात आपल्याला कोण पैसे देतं? शाळेनं दिले नाहीत, सासऱ्यानं दिले नाहीत. विमा कंपनी देते. शिवाय हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकून नवी घेतली तरी तो आपल्याबरोबर येतो. मोठा अपघात झाला, तर दावा करावाच, विमा त्यासाठीच असतो. पण गालावरच्या ओरखड्यासाठी पाच वर्षांचं पुण्य मोडायचं नाही.

मी त्या गृहस्थांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण हप्ता तर भरलेला आहे ना, तो वसूल कसा होणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या हे आयुर्विम्याचा हप्ताही वसूल करायला निघतील.

*

पुढचा रोगी ठिबकत आला. गाडीखालून काळ्या तेलाची धार. चाचांनी न वाकताच सांगितलं, "चेंबर लाग्युं."

इंजिनाखालची तेलाची परात म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबर. ती लागते गतिरोधकाला. या बाबतीत मात्र सगळा दोष पायाला देववत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. नावात काँग्रेस असली तरी तिची निवडणुकीत अनामत जप्त होत नाही. रस्त्यांची मानकं ती ठरवते. तिच्या नियमानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगानं गाडी त्यावरून धक्का न बसता जाते. आमच्या सोसायटीतला गतिरोधक तीन वीट रुंद आणि दोन वीट उंच आहे. तो मानकानुसार बांधलेला नाही, रागानुसार बांधलेला आहे. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा मोटारसायकल जोरात पळवायचा. त्याच्याबद्दलचं सगळ्या सोसायटीचं मत तिथं सिमेंटमध्ये कायम झालं. मुलगा कॅनडाला गेला. मत आहे.

पण गतिरोधक कसाही असो, तो काही रात्रीतून उडी मारून पुढ्यात येत नाही. आपल्याच गल्लीतला असतो, रोज भेटतो. तरी आपण त्याच्या अंगावर जाऊन मग करकचून ब्रेक दाबतो. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, पुढचे शॉकअप आधीच दबलेले असतात, आणि नेमक्या त्या अवघड अवस्थेत आपण गाडी उंचवट्यावर आदळतो. खड्ड्याचंही तेच. ब्रेक आधी, खड्ड्याच्या अलीकडे. आणि चाक खड्ड्यात उतरताना पाय ब्रेकवरून उचललेला. एवढं केलं, तर लोअर आर्म, बुश, लिंक रॉड ही नावं तुम्हाला कळणारसुद्धा नाहीत. मला ती सगळी कळतात. माझ्या बिलांवर छापलेली असतात.

ब्रेकचा हिशेब तर शाळेतलाच आहे. वेग दुप्पट झाला की गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होते. म्हणजे तिशीऐवजी साठीच्या वेगानं येऊन थांबलात, तर ब्रेक पॅडला चौपट उष्णता गिळावी लागते. पुढं लाल दिवा दिसतोय, पुढं गाय रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलीय, आणि ती उठणार नाही हे आपल्याला आणि तिला दोघांनाही ठाऊक आहे. तरी आपण शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरतो. पेट्रोल जाळून वेग घ्यायचा आणि पॅड जाळून तो सोडायचा. दोन्हीकडून आपलेच पैसे, गाय तटस्थ.

*

चहा आला. चहाबरोबर पावागडचा विषय आला, कारण बाकड्यावरचा एक जण आदल्या दिवशीच कालिकामातेचं दर्शन घेऊन आला होता आणि त्याच्या ब्रेकना जळका वास येत होता. बडोद्याच्या आसपास घाट म्हणावा असा एवढाच, चांपानेरहून माचीला चढणारा. त्यामुळे उतरायचं कसं, हे इथं कुणी शिकत नाही.

"उतारावर न्यूट्रल केली होती," तो अभिमानानं म्हणाला. "पेट्रोल वाचतं."

चाचांनी कप खाली ठेवला. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हे थोडंफार लागू असेल. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाचा इंधनपुरवठा आपोआप तोडला जातो. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला जिवंत राहण्यासाठी पेट्रोल प्यावं लागतं. म्हणजे या भक्तानं येताना पेट्रोलही जाळलं आणि सगळा भार ब्रेकवर टाकून तेही जाळले. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा, एवढं एक वाक्य पाठ केलं असतं, तर इंजिनानंच गाडी धरून ठेवली असती. शिवाय तापून तापून ब्रेक ऐन वळणावर निकामी झाले असते, तर दर्शनाला पुन्हा वर जावं लागलं असतं, कायमचं.

बचतीच्या आपल्या कल्पना या अशा. जिथं बचत नाही तिथं शूरपणा, जिथं आहे तिथं कंटाळा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. बडोद्यात फुकट असूनही जिच्यासाठी रांग लागत नाही, अशी ही एकच वस्तू. टायरला किती हवा हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना तेवढी भरायची, पंधरा दिवसांनी बघायची. कमी असली तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असली तर मध्य झिजतो. टायर प्रामाणिक असतो. कुठं झिजला, त्यावरून मालकाचा आळस कोणत्या जातीचा, ते सांगतो.

आणि पाणी. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला, की पाणीगेटला येऊन गाडीला पाणी पाजणारे लोक असतात. जागेचं नाव फारच मनावर घेतात. आजवा तलावाचं पाणी बडोदेकरांच्या कित्येक पिढ्यांनी प्यायलंय, त्याबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण रेडिएटरला ते वर्षभर पाजू नये. नळाच्या पाण्यातले क्षार आत धरतात, गंज चढतो. कूलंट त्यासाठीच असतं. आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला, की ‘घर जवळच आहे’ म्हणू नये. त्या शेवटच्या दोन किलोमीटरांत हेड गॅसकेट उडतं. घर जवळ असतं, हे खरं. बिल फार लांबचं असतं.

*

गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक गाडी उभी आहे. तिच्यावर धूळ, धुळीवर बोटानं काढलेलं स्वस्तिक. ऑगस्ट २०२४ च्या पुरातली. त्या आठवड्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. घरांत पाणी, दुकानांत पाणी, रस्त्यावर मगरी. आता बडोदेकराचा एक स्वभाव बघा. मगर दिसली की तो थांबतो. पाणी दिसलं की गिअर टाकतो.

या गाडीच्या मालकानं पाण्यात मधोमध गाडी बंद पडल्यावर जे केलं, ते तुम्ही-आम्हीही केलं असतं. पुन्हा चावी फिरवली. मग पुन्हा. मग देवाचं नाव घेऊन पुन्हा. इंजिनात हवेऐवजी पाणी गेलेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्याला धडकला, आणि मधल्या मधे कनेक्टिंग रॉड वाकला. पहिल्यांदा बंद पडली, तेव्हाच सोडून दिली असती आणि ओढून आणली असती, तर बहुधा सफाईवर आणि तेल बदलण्यावर भागलं असतं. चावी फिरवली म्हणून इंजिन खोलावं लागलं. वर विमा कंपनीचं म्हणणं असं, की पाण्यानं झालेलं नुकसान वेगळं आणि पाण्यात इंजिन चालू करून तुम्ही केलेलं नुकसान वेगळं. दुसऱ्या नुकसानासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोडपॉलिसी घ्यायला हवी होती. ती घेतली नव्हती. तिचा हप्ता वाचवला होता.

या गाडीपुढं उभं राहून चाचा नेहमी एकच वाक्य म्हणतात, म्हणे. "चावी खिस्सामां राखवी." चावी खिशात ठेवावी. मला हे सबंध वाहनशास्त्राचं सार वाटतं. दुधाच्या पिशवीसाठी सहाशे मीटर गाडी काढणाऱ्यालाही ते लागू आहे. तेवढ्या अंतरात इंजिन धड तापत नाही, तेलात ओल राहते, बॅटरी सुरू करण्यात खर्चलेलं परत कमवत नाही. गाडीला चालण्याचा व्यायाम नको असतो. तो ज्याला हवा असतो, तो आत बसलेला असतो.

*

एव्हाना माझी गाडी जमिनीवर उतरली होती. चाचांनी माझी जळकी प्लेट पुसली आणि भिंतीकडे गेले. आप्पांच्या प्लेटशेजारी दुसरा खिळा होता, रिकामा. इतके दिवस तो कुणासाठी होता, ते मला त्या क्षणी कळलं.

"चाचा, नाव लिहू नका."

"नामनी जरूर नथी," चाचा म्हणाले. नावाची गरजच नाही. खिळे दोनच आहेत. येणारा प्रत्येक जण बघेल आणि आपण कोणत्या बाजूचे, ते आपलं आपण ठरवेल.

मी ८,४०० रुपये मोजले. मोजताना मनात दुसरा हिशेब चालू होता. अर्धा तास जीभ झिजवून २०० मिळवले. पाय उचलायला काय लागतं? काही नाही. पैसे नाहीत, वेळ नाही, ओळख नाही, वशिला नाही. म्हणूनच आपण ते करत नसावं. ज्यात घासाघीस करायला समोर कुणी नसतं, त्या बचतीत आपल्याला चव लागत नाही. मेकॅनिकशी भांडून सुटलेले दोनशे चार लोकांत सांगता येतात. ‘आज कोंडीत दहा मिनिटं न्यूट्रलला बसलो’ हे कुणाला सांगणार? आप्पांनी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्यांचं भिंतीनं सांगितलं.

निघालो. नवा क्लच लोण्यासारखा. पाणीगेटपर्यंत आलो आणि कोंडी लागली. दरवाजा समोर शांत उभा. त्याच्या पायाशी रिक्षा, एसटी, हातगाडी, एक वरात आणि वरातीच्या विरुद्ध दिशेनं निघालेली एक गाय. पाय आपोआप पेडलकडे गेला. मी त्याला थांबवलं. हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, डावा पाय उचलून जमिनीवर ठेवला. इतक्या वर्षांत तो तिथं कधी ठेवलाच नव्हता. परक्याच्या घरी बसावं तसा अवघडून बसला. पुढची रिक्षा हातभर सरकली. मी सरकलो नाही.

लगेच मागून हॉर्न सुरू झाला. आरशात पाहिलं. मागचा इंच इंच करत माझ्या बंपरला टेकायच्या बेतात आला होता, आणि तोंडानं मला बहुधा तेच म्हणत होता, जे मी आप्पांना म्हणायचो. काच खाली होती. जळक्या अस्तराचा तो वास आता मी कुठंही ओळखेन.

खिसा चाचपला. दोनशे जागच्या जागी होते.

वास मला आला. बिल त्याला येईल.